मागचं चाक, पुढची बॅग: गंगापूर रोडवरच्या एका लुटीचं प्रकरण

(माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून व्यवसाय, रक्कम आणि जागेच्या काही खुणा बदलल्या आहेत.)

पार्श्वभूमी

नाशिकमध्ये रविवार कारंज्याजवळ सुका मेवा आणि मसाल्याचं दुकान. मालक पंचेचाळिशीचे. त्यांना इथे मामा म्हणू, दुकानातही सगळे तेच म्हणतात. घर जेहान सर्कलच्या पुढे, गंगापूर रोडवरून नदीच्या अंगाला उतरणाऱ्या एका गल्लीत. रात्री सव्वादहाला शटर, साडेदहाला अ‍ॅक्टिव्हा सुरू, मग अशोकस्तंभ, गंगापूर नाका, जेहान सर्कल आणि घर. वर्षानुवर्षं रस्ता हाच. गल्ला रोजचा साठ-सत्तर हजार, सणासुदीला लाखाच्या पुढे.

पूर्वी मामा दुपारी चारच्या आत बँकेत भरणा करायचे आणि रात्री जेमतेम दहा-पंधरा हजार सोबत न्यायचे. मग बहिणीचा मुलगा दुकानात कामाला आला. वय तेवीस, किकबॉक्सिंगमध्ये राज्य पातळीपर्यंत खेळलेला, अंगापिंडाने मजबूत. रात्री तो मागच्या सीटवर बसू लागला आणि दुपारचा भरणा बंद झाला. ‘आता पोरगा आहे की सोबत’ एवढंच कारण. दुपारी गिऱ्हाईक सोडून बँकेच्या रांगेत कोण उभं राहणार, हा हिशेबही त्यामागे होताच.

या प्रकरणातला सगळ्यात महागडा निर्णय हाच. त्या वेळी तो निर्णय आहे असं कुणाला वाटलंही नाही. लढणारा माणूस सोबत आला, म्हणून जपण्याची सवय सुटली. पूर्वी लुटारूंना पंधरा हजार मिळाले असते, आता त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला, त्याच काळ्या रेक्झिनच्या बॅगेत पाचपट रक्कम फिरू लागली.

आधीच्या तीन दिवसांत दिसलेलं

नंतर जबाब जुळवताना ज्या गोष्टी समोर आल्या, त्या सगळ्या कुणी ना कुणी आधी पाहिलेल्या होत्या.

मंगळवारी दुकान बंद होताना एक अनोळखी पोरगा पाचशेचे सुट्टे मागायला आला. बुधवारी पुन्हा तोच, त्याच वेळेला. खरेदी काही नाही, नजर मात्र गल्ल्यावर. पुडी बांधणाऱ्या मुलाने मामांना सांगितलं, ‘शेट, हा काल पण आला होता.’ मामा म्हणाले, ‘येऊ दे, सुट्टे नाहीत म्हणून सांग.’ समोरच्या टपरीवाल्याने एक मोटरसायकल दोन रात्री उभी पाहिली होती. तिची मागची नंबरप्लेट वर वाकवलेली. त्याने कुणाला सांगितलं नाही, कारण त्याला कुणी विचारलं नाही.

एकेक गोष्ट घेतली तर प्रत्येकीला साधं कारण देता येतं. सुट्टे सगळेच मागतात, आणि वाकवलेली प्लेट नाशकात शोधायला जावं लागत नाही. धोका ओळखायचा तो या गोष्टी एकत्र आल्यावर: तीच व्यक्ती, तीच वेळ आणि इथे तिचं काही काम नाही. तिन्ही जमले की त्या रात्रीपुरता बेत बदलायचा. पोलिसांत जाण्याइतकं हे नसतं, पण वीस मिनिटं उशिरा निघण्याइतकं किंवा बॅग दुकानातच ठेवण्याइतकं नक्की असतं.

अमेरिकेतले शस्त्रप्रशिक्षक जेफ कूपर यांनी माणसाच्या सावधपणाला चार रंग दिले होते: पांढरा म्हणजे बेसावध, पिवळा म्हणजे निवांत पण डोळे उघडे, नारिंगी म्हणजे एका ठरावीक गोष्टीकडे लक्ष गेलेलं, लाल म्हणजे आता कृती. पुडी बांधणारा मुलगा बुधवारी नारिंगीत होता. मामा पांढऱ्यातच राहिले, आणि भाच्याला तर कुणी सांगितलंच नाही.

प्रसंग आणि अडचण

गुरुवारी रात्री निघताना मागच्या चाकात हवा असल्यासारखी वाटत होती. गंगापूर नाका ओलांडल्यावर शेजारून एक मोटरसायकल आली. मागे बसलेला ओरडला, ‘काका, मागच्या चाकात हवा नाही, बघा!’ आणि गाडी पुढे निघून गेली. मामा थांबले नाहीत. भाच्याने मागे वाकून पाहिलं, चाक थोडं बसलं होतं. ‘मामा, घर जवळ आहे, चला.’ इथवर काही बिघडलं नव्हतं.

जेहान सर्कल मागे पडलं तशी गाडी डुलायला लागली. गल्लीच्या तोंडाशी वळताना मागचं चाक अगदी बसलं. मामांनी उतारावर गाडी थांबवली. एका बाजूला मोकळा प्लॉट, दुसऱ्या बाजूला बंगल्याची मागची भिंत, आणि खांबावरचा दिवा बंद. मागे शंभर पावलांवर गंगापूर रोड होता, उजेड, रहदारी आणि उघडं मेडिकल होतं. पुढे दोनशे पावलांवर घर.

पंक्चरवाल्याला दुसऱ्या दिवशी टायरमध्ये खिळा वगैरे काही सापडलं नाही. व्हॉल्व्हची टोपी गायब होती आणि आतली पिन दीडेक आट्याने सैल केलेली होती. ट्यूबलेस टायरची पिन अशी सैल केली की हवा एकदम जात नाही, पाच-दहा मिनिटांत उतरते. म्हणजे गाडी दुकानापासून लांब जाते, पण घरी पोचत नाही.

मागचंच चाक का, हेही समजून घेण्यासारखं आहे. स्कूटरवर बॅग पुढे असते, पायांमधल्या हुकला. मागचं चाक बसलं की चालवणारा उतरतो आणि मागे जाऊन वाकतो. मागे बसलेलाही उतरून तिथेच जातो. दोन्ही माणसांच्या पाठी बॅगेकडे होतात. ‘काका, ऑइल गळतंय’, ‘काका, पैसे पडले तुमचे’ आणि अंगावर टाकलेली खाजेची पूड, या सगळ्यांचा हेतू एकच: माणूस आणि बॅग यांच्यात तीन पावलांचं अंतर पाडणं.

समोर असलेले पर्याय

गाडी डुलायला लागली, पण वळण अजून यायचं होतं. तिथे चार वाटा खुल्या होत्या.

पहिली, बसलेल्या चाकावरच दहाच्या वेगाने चालवत उजेडात, मेडिकलसमोर जाणं. ट्यूबलेस टायर असा अर्धा किलोमीटर ओढता येतो. टायर खराब होतो, रिमलाही मार लागू शकतो. नुकसान दोन-चार हजारांचं. दुचाकीवाल्याचा जीव टायरसाठी तुटतो हे खरं, आणि हातात हवा उतरलेली गाडी असली की माणसाला दुसरं काही दिसतही नाही.

दुसरी, मुख्य रस्त्यावरच गाडी सोडून बॅग घेऊन दोघांनी मेडिकलमध्ये शिरणं. तिसरी, घरी फोन करून कुणाला तरी चारचाकी घेऊन बोलावणं, तीही उजेडात उभं राहून. चौथी, गल्लीत शिरणं.

त्यांनी चौथी निवडली, कारण घर जवळ होतं. घराच्या शेवटच्या दोनशे पावलांवर माणूस सर्वांत सैल असतो. मनाने तो आधीच उंबऱ्यात पोचलेला असतो. पाळत ठेवणाऱ्यालाही हे माहीत असतं, आणि बाकी सगळे रस्ते बदलले तरी शेवटची गल्ली बदलता येत नाही हेही.

चौदा सेकंद

समोरच्या बंगल्याच्या कॅमेऱ्यात पुढचा प्रसंग अर्धवट उजेडात दिसतो. मोटरसायकल थांबल्यापासून निघेपर्यंत चौदा सेकंद.

मागचा उतरून चालत येतो. ‘काय झालं काका, पंक्चर?’ मामा चाकापाशी वाकलेले. भाचा दोन पावलं पुढे होतो. ‘काही नाही, तुम्ही जा.’ माणूस थांबत नाही, स्कूटरच्या पुढच्या बाजूला हात घालतो. सहाव्या सेकंदाला भाच्याचा उजवा ठोसा बसतो आणि तो माणूस खाली पडतो. ठोसा उत्तम होता, यात वाद नाही. रिंगणात सामना तिथेच थांबला असता.

पण भाच्याचं सगळं लक्ष पडलेल्या माणसावर असताना मोटरसायकल चालवणारा कोयता घेऊन मामांकडे गेला. मामांनी बॅग दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. भाचा वळला आणि सवयीने डावा हात वर घेतला, कोपरात दुमडलेला, मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग समोर. किकबॉक्सिंगमध्ये हाच बचाव शिकवतात. ठोसा त्या हाडावर घ्यायचा आणि उलट मारायचा. इथे त्या हातावर कोयत्याचा वार आला. अकराव्या सेकंदाला बॅग गेली. पडलेला उठून गाडीवर बसला.

भाचा रक्ताळलेल्या हाताने गाडीमागे वळणापर्यंत धावला आणि तिथे चक्कर येऊन बसला.

त्यानंतरच्या मिनिटांतही काही शिकण्यासारखं आहे. मामांनी पहिला फोन भावाला लावला, दुसरा दुकानातल्या मुलाला. ११२ ला फोन शेजाऱ्यांनी केला, तोवर सहा-सात मिनिटं गेली होती. कुणीतरी हळदीचा डबा आणला. शेजारी राहणाऱ्या एका नर्सताईंनी हळद लावू दिली नाही. स्वच्छ टॉवेलची घडी जखमेवर दाबून धरली, हात छातीच्या वर उचलून ठेवला, आणि ‘बघू दे किती लागलंय’ म्हणणाऱ्यांना दहा मिनिटं घडी उचलू दिली नाही. टॉवेल भिजला तेव्हा तो न काढता वर दुसरा ठेवला. या सगळ्या रात्रीत शंभर टक्के बरोबर झालेली गोष्ट हीच.

निकाल

चौऱ्याऐंशी हजार रुपये गेले. डाव्या हाताच्या बाहेरच्या बाजूचा स्नायुबंध कापला गेला. शस्त्रक्रिया, सहा आठवडे पट्टी, नंतर फिजिओथेरपी. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून पूर्ण ताठ होत नाही. गुन्हा त्याच रात्री जबरी चोरीचा, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०९ खाली नोंदवला गेला. मोटरसायकल चोरीची निघाली. रक्कम परत मिळालेली नाही.

भाच्याच्या ठोशाबद्दल कायद्याची अडचण आली नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा घेतलेल्या या संहितेत कलम ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काची आहेत. शरीराचा आणि मालमत्तेचा बचाव दोन्ही त्यात येतात. मर्यादा कलम ३७ मध्ये: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही. पडलेल्या माणसाला भाच्याने लाथ घातली नाही हे चित्रणात स्वच्छ दिसत होतं, ते जबाबाच्या वेळी कामी आलं. समजा तो माणूस पडताना डोकं दगडावर आपटून गेला असता, तर बचाव सिद्ध होईपर्यंत या पोराच्या आयुष्यातली काही वर्षं कोर्टाच्या पायऱ्यांवर गेली असती. चौऱ्याऐंशी हजारांच्या हिशेबात ही जोखीम कुणी धरत नाही.

प्रशिक्षणाने काय दिलं, काय नाही

‘किकबॉक्सिंगचा काय उपयोग झाला?’ असं नंतर नातेवाइकांत बरंच बोललं गेलं. हे अन्यायाचं आहे. उपयोग झाला. तो घाबरून गोठला नाही, त्याचा तोल गेला नाही, वार हातावर आला, मानेवर नाही. दमसास होता म्हणून रक्त जाऊनही तो शुद्धीवर राहिला.

पण रिंगणात समोर एक माणूस असतो, हातात मोजे असतात, पंच असतो, दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या असतात, आणि मुख्य म्हणजे सामना कधी सुरू होणार हे दोघांनाही माहीत असतं. गल्लीत सामना मंगळवारीच सुरू झाला होता, फक्त एका बाजूला ते ठाऊक होतं. दुसरा माणूस नजरेआड जाऊ न देणं, हातात काय आहे ते आधी पाहणं, मारून तिथेच न थांबता बाजूला सरकणं, हे वेगळं शिकावं लागतं. भाच्याच्या वर्गात ते कधीच शिकवलं गेलं नव्हतं, कारण तो वर्ग स्पर्धेसाठी होता.

अंतराचंही तसंच. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी १९८३ साली दाखवून दिलं की सुरा घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. हे त्यांनी पिस्तूल काढायला लागणाऱ्या वेळेच्या संदर्भात मांडलं होतं. आपल्याकडे पिस्तुलाचा प्रश्न येत नाही, पण २१ फूट म्हणजे साडेतीन अ‍ॅक्टिव्हा एकापुढे एक उभ्या केल्या तर होणारं अंतर. गल्लीत मोटरसायकल त्याहून जवळ थांबली होती. तिथून पुढे कुठलंही तंत्र आठवायला वेळ नव्हता, सवय बाहेर आली आणि सवय रिंगणातली होती.

निर्णयाच्या जागा, पुन्हा एकदा

मागे जाऊन पाहिलं तर पाच ठिकाणी हे प्रकरण वळवता आलं असतं, आणि शेवटाकडे पर्याय महाग होत जातात. दुपारचा भरणा चालू ठेवायला वीस मिनिटं लागली असती. बुधवारी मुलाचं ऐकून बॅग दुकानात ठेवायला काहीच लागलं नसतं. निघताना मागच्या टायरवर अंगठा दाबून व्हॉल्व्हची टोपी पाहायला दहा सेकंद. गंगापूर नाक्यानंतर उजेडात थांबायला एक टायर. आणि गल्लीत, तो माणूस उतरून चालत येताना, बॅग एका बाजूला भिरकावून दोघांनी दुसऱ्या बाजूला, मुख्य रस्त्याकडे पळायला चौऱ्याऐंशी हजार. ते तसेही गेले. हात वाचला असता.

या शेवटच्या पर्यायाला भाच्याचा अजून विरोध आहे. ‘मामांचे पैसे मी कसे टाकून देणार?’ त्याच्या जागी हा प्रश्न खरा आहे. ज्याला सोबत ‘राखण’ म्हणून बसवलं, त्याला पळता येत नाही. घरातल्यांनी त्याच्यावर न बोलता टाकलेली ही जबाबदारी होती. ती आधीच काढून घ्यायला हवी होती, स्पष्ट शब्दांत: बॅग गेली तर चालेल, तू मार खायचा नाहीस. हे वाक्य मामांनी हॉस्पिटलात म्हटलं. त्याची जागा दुकानात पहिल्याच दिवशी होती.

नंतर काय बदललं

भरणा आता दिवसातून दोनदा होतो, दुपारी बँकेत आणि संध्याकाळी सातला जवळच्या भरणा मशीनमध्ये. जाणारा माणूस आणि वेळ रोज बदलते. रात्री सोबत मोबाइल आणि पाच हजारांच्या आत रक्कम, तीही अंगावर. हुकला काहीच लटकवायचं नाही.

गाडीवर मागे बसणाऱ्याचं काम लढण्याचं नाही, बघण्याचं. जेहान सर्कलपासून मागे कोण आहे ते तो पाहतो. तीच गाडी दोन वळणं मागे राहिली तर ‘मामा, दूध घ्यायचंय’ एवढंच म्हणतो. मग गल्लीत न वळता सरळ पेट्रोल पंप. रस्त्यात कुणी हवा, ऑइल, पडलेले पैसे काहीही सांगितलं तरी मान डोलवून पुढे जायचं आणि उजेड, माणसं आणि कॅमेरा तिन्ही असतील तिथेच थांबायचं. दोघांच्याही फोनमध्ये आणीबाणीच्या कॉलची सोय चालू केली आहे, पॉवरचं बटण सलग दाबलं की लागणारी. किती वेळा दाबायचं ते फोनगणिक वेगळं असतं, म्हणून दोघांनी सेटिंगमध्ये जाऊन पाहून घेतलं. टपरीवाल्याला आणि पुडी बांधणाऱ्या मुलाला सांगून ठेवलं आहे: काही खटकलं तर सांगा, चुकीचं निघालं तरी कुणी हसणार नाही.

महिनाभराने अशोकस्तंभाजवळ पुन्हा एकाने आवाज दिला, ‘ओ काका, साइड स्टँड!’ मामा थांबले नाहीत. पंपावर जाऊन पाहिलं तर स्टँड खरंच खाली होता. सांगणारा भला माणूस असावा. सावधपणाची ही अडचण कायमची आहे: टळलेल्या गोष्टीचा पंचनामा होत नाही, त्यामुळे आपण शहाणे ठरलो की उगाच भित्रे, हे कधीच कळत नाही. स्टँड चालत्या गाडीवरून पायाने तपासायची सवय मात्र लागली.

मामांना डिकीत लोखंडी कांब ठेवायची होती. भाच्यानेच नको म्हटलं. डिकी उघडायला आधी गाडी बंद करून किल्ली फिरवावी लागते, तोवर चौदा सेकंद संपतात. मिरचीच्या स्प्रेचंही तेच. तो डिकीत निरुपयोगी, खिशात असेल तरच कामाचा, वाऱ्याच्या विरुद्ध मारला तर आपल्याच डोळ्यांत, आणि त्यावरची मुदतीची तारीख कुणी पाहत नाही. एक स्प्रे मामींच्या पर्समध्ये गेला. कोयता किंवा गुप्ती जवळ बाळगण्याचा सल्लाही एका हितचिंतकाने दिला होता. तशाने लुटारूआधी आपल्यावरच गुन्हा दाखल होण्याची वेळ येऊ शकते.

दिवाळीचा आठवडा अजून सुटलेला नाही. भरणा मशीन एका वेळी साधारण दोनशेच नोटा घेतं, दहा-वीसच्या तर घेतच नाही, आणि त्या दिवसांत मशीनसमोर रांग लागते. नोटांचा गठ्ठा हातात घेऊन रांगेत उभं राहणं म्हणजे पुन्हा तेच. सध्या दुकानाच्या भिंतीत तिजोरी बसवून घेतली आहे, सुट्टी रोकड रात्री तिथेच राहते, आणि रस्त्यावरच्या रोकडीच्या विम्यासाठी एजंटकडे विचारणा चालू आहे. त्याने पहिला प्रश्न विचारला तो रक्कम कोण, कधी आणि कुठल्या रस्त्याने नेतं हाच.